'पणजी' किती अक्षरांची? मराठी मजकूर आणि त्यामागचे आकडे

गोव्यातल्या एखाद्या वाचनालयाची सभासद यादी संगणकावर घ्यायची म्हटली, की एकाच तक्त्यात देवनागरीतली मराठी आणि कोंकणी नावे येतात, रोमन लिपीतली पोर्तुगीज वळणाची नावे येतात आणि इंग्रजीतले पत्तेही येतात. हे सगळे नीट साठवणे, शोधणे, छापणे आणि एसएमएसने पाठवणे हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे. प्रोग्रॅमिंग भाषेला अक्षर कळतच नाही, तिला आकडा कळतो. कुठला आकडा कुठल्या अक्षराचा, हे नुसते करारावर ठरलेले असते, आणि करारही एक नाही, अनेक आहेत.

'पणजी' हा शब्द घ्या. त्याची लांबी किती, असे स्विफ्टला विचारले तर उत्तर ३ येते. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ४ सांगतात. गो, रस्ट आणि सी १२ सांगतात. सगळे बरोबर आहेत, कारण प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतो आहे. स्विफ्ट वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसणारी अक्षरे मोजते: प, ण, जी. पायथन युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या जागतिक मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेले, क्रमांक मोजतो: प, ण, ज आणि दीर्घ वेलांटी. गो बाइट मोजते. मराठी मजकुरात जे काही बिघडते, त्यातले बहुतेक या पातळ्यांची गल्लत झाल्यामुळे बिघडते. म्हणून लांबी, मर्यादा, तुकडा, क्रम यांपैकी काहीही लिहिताना आपण कुठल्या पातळीवर उभे आहोत हे आधी ठरवावे लागते.

क्रमांक

पायथनमध्ये 'ऑर्ड' हे फंक्शन अक्षराचा क्रमांक देते आणि 'सीएचआर' उलट दिशेने क्रमांकाचे अक्षर देते. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम 'कोडपॉइंटॲट' आणि 'फ्रॉमकोडपॉइंट' करतात. 'पणजी'चे क्रमांक २३४६, २३३९, २३३२ आणि २३६८. शेवटचा २३६८ हा दीर्घ वेलांटीचा. ती स्वतंत्र क्रमांक घेऊन बसते आणि नेहमी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते, पण तीही (क्रमांक २३६७) साठवताना नंतरच असते. 'डिचोली' हा शब्द साठवलेला असतो तो ड, ऱ्हस्व वेलांटी, च, ओकार, ल, दीर्घ वेलांटी असा, म्हणजे ६ क्रमांकांचा.

हे क्रमांक आले कुठून? अमेरिकेत १९६३ साली आस्की हे मानक निघाले. ७ बिट, १२८ जागा, त्यात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि काही नियंत्रण-चिन्हे. कॅपिटल ए ६५ वर, स्मॉल ए ९७ वर, शून्याचा अंक ४८ वर. कॅपिटल आणि स्मॉल यांत बरोबर ३२ चे अंतर मुद्दाम ठेवले आहे, म्हणजे एक बिट बदलला की काम होते. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या एब्सिडिकमध्ये मात्र ए १९३ वर आहे, आणि आय २०१ वर तर पुढचे जे थेट २०९ वर. 'ए पासून झेड पर्यंत' असा साधा लूप तिथे मधल्या रिकाम्या जागांत अडखळतो.

आपल्या लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्कीचे मानक आयएस १३१९४ काढले. १२८ च्या खाली आस्की, वर भारतीय लिपी. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. बंगाली, गुजराती, कन्नड यांनाही अशाच १२८ च्या ओळी मिळाल्या, आणि त्यांत समान अक्षर समान जागी ठेवले. देवनागरी क २३२५ वर, कन्नड क ३२२१ वर, फरक ८९६. ळ ला ८९६ मिळवा, कन्नडचा ळ मिळतो. कोंकणी या दोन्ही लिप्यांत लिहिली जाते, त्यामुळे कच्चे लिप्यंतर करताना ही बेरीज खरोखर कामी येते. सगळी चिन्हे मात्र अशी जुळत नाहीत, तेवढे ध्यानात ठेवा.

युनिकोड भाषा ओळखत नाही, फक्त लिपी ओळखतो. मराठी, कोंकणी, हिंदी आणि नेपाळी यांचा क एकच. मराठी वळणाचे ल आणि श यांनाही वेगळा क्रमांक नाही. वेबपानावर भाषेचा टॅग मराठी असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तर ते वळण मिळते. भाषा सांगितलीच नाही, तर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ल दिसतो.

बाइट

क्रमांक ठरला तरी तो फाइलमध्ये कसा उतरवायचा, हा प्रश्न उरतोच. या उतरवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. सध्या बहुतेक ठिकाणी उत्तर यूटीएफ-८ असते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते सप्टेंबर १९९२ मध्ये आखले. आस्कीची अक्षरे एका बाइटात जशीच्या तशी, बाकीची २, ३ किंवा ४ बाइटांत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि ते हाताने काढता येतात. क्रमांकाला ६४ ने भागा. क चा २३२५, भागाकार ३६, बाकी २१. पहिला बाइट २२४, दुसरा १२८ अधिक ३६ म्हणजे १६४, तिसरा १२८ अधिक २१ म्हणजे १४९. झाले: २२४, १६४, १४९.

देवनागरीच्या सगळ्या क्रमांकांना भागाकार ३६ किंवा ३७ च येतो. म्हणजे यूटीएफ-८ मधल्या कुठल्याही मराठी मजकुरात दर तिसऱ्या बाइटाला २२४ दिसणार आणि त्याच्या मागे १६४ किंवा १६५. ही खूण पाठ करून ठेवावी. बिघडलेली फाइल ओळखताना ती फार उपयोगी पडते.

बाइटांची ही रूपे इतरत्रही भेटतात, आणि पाहणारा घाबरतो. वेबच्या पत्त्यात 'पणजी' टाकले की प्रत्येक बाइटाची टक्क्याच्या चिन्हासह ३ चिन्हे होतात, एकूण ३६. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये फाइलचे नाव देवनागरीत असेल, तर यादीत ३४०, २४४, २५२ असे अष्टमान आकडे दिसतात. तो प चाच ३ बाइटांचा अवतार आहे; कोअर विभागातले 'कोटपाथ' हे सेटिंग बंद केले की नाव सरळ दिसते. पायथनचे जेसन मॉड्यूल आपणहून प्रत्येक अक्षर उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या ६ चिन्हांत लिहिते. 'एन्शुअर आस्की' हा पर्याय नाकारला की ते थांबते. या तिन्ही ठिकाणी माहिती शाबूत असते. दुरुस्त करायला जाल, तर उलट बिघडवाल.

बिघाड ओळखणे

पडद्यावर मराठीऐवजी भलतेच दिसते तेव्हा काय दिसते त्यावर उपाय ठरतो. लोक सरसकट 'फॉन्ट गेला' म्हणतात. फॉन्ट खरोखर गेलेला असतो तो फक्त एका प्रकारात: प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामी चौकट. आकडे ठीक आहेत, चित्रे नाहीत. देवनागरी फॉन्ट घाला, विषय संपला.

ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला चिकटलेली मात्रा किंवा वेलांटी दिसली, तर चिन्हांचा क्रम चुकला आहे. प्रोग्रॅमने शब्द उलटा केला, किंवा व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्या मधोमध तुकडा पाडला, की असे होते. 'पणजी' क्रमांकाक्रमाने उलटा केला की सुरुवातीलाच दीर्घ वेलांटी येते, आणि तिला बसायला व्यंजन नसते.

काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह, म्हणजे क्रमांक ६५५३३: बाइट वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ लागला नाही. मूळ फाइल अजून हाताशी असेल तर योग्य एन्कोडिंग सांगून पुन्हा वाचा, मजकूर परत येतो. पण हे चिन्ह दिसत असताना फाइल सेव्ह केली, तर मूळ बाइट कायमचे गेले.

साधी प्रश्नचिन्हे ओळीने, क्रमांक ६३: हा सर्वांत वाईट प्रकार. मराठी मजकूर अशा एन्कोडिंगमध्ये लिहिला गेला ज्यात ही अक्षरेच नाहीत. प्रत्येक अक्षराच्या जागी ६३ लिहिला गेला आणि मूळ पुसले गेले. यातून काहीही परत मिळत नाही. बॅकअप शोधा.

आणि शेवटचा, आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार: वर तिरकी रेघ असलेला स्मॉल ए, त्यापुढे चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह, मग काहीतरी तिसरेच, आणि हीच माळ पुन्हा पुन्हा. हे तेच २२४, १६४ आणि १६५. यूटीएफ-८ चे बाइट कुणीतरी विंडोज-१२५२, म्हणजे युरोपीय भाषांसाठीचे जुने एका बाइटाचे एन्कोडिंग, समजून वाचले. तो ए म्हणजे २२४, गोल चिन्ह म्हणजे १६४, येन म्हणजे १६५. असा मजकूर पुन्हा यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाला की दुहेरी एन्कोडिंग होते आणि फाइल फुगते.

दुहेरी एन्कोडिंग सुटते. मजकूर विंडोज-१२५२ मध्ये एन्कोड करा आणि आलेले बाइट यूटीएफ-८ म्हणून डीकोड करा. 'पणजी', 'डिचोली', 'काणकोण' हे शब्द असे सहीसलामत परत येतात. 'म्हापसा' आणि 'मुरगाव' मात्र अडतात, आणि कारण मजेशीर आहे. विंडोज-१२५२ मध्ये ५ बाइटांना अर्थच दिलेला नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. हलन्ताच्या चिन्हाचा तिसरा बाइट १४१ आहे. ऱ्हस्व उकाराचा १२९. ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. म्हणजे नेमके जोडाक्षर आले किंवा ऱ्हस्व उकार आला की वाचणारा प्रोग्रॅम एकतर चूक दाखवून थांबतो, नाहीतर तो बाइट गाळतो. पायथन थांबतो. ब्राउझर मात्र या ५ बाइटांना अदृश्य नियंत्रण-चिन्हे मानून पुढे जातो, आणि म्हणून ब्राउझरमधून बिघडलेला मजकूर पूर्ण परत आणता येतो. तिथे विंडोज-१२५२ ऐवजी बाइट आणि क्रमांक एकास एक जुळवणारे लॅटिन-१ घेऊन ही ५ स्थाने सोडवावी लागतात.

आणखी दोन खाचा. ठ चा तिसरा बाइट १६०, जो विंडोज-१२५२ मध्ये न तुटणारी मोकळी जागा आहे. बिघडलेला मजकूर कॉपी करताना किंवा कडेच्या मोकळ्या जागा छाटताना ती साध्या जागेत बदलते किंवा उडते, आणि 'मठग्राम' परत येताना ठ गमावतो. भ चा तिसरा बाइट १७३, मऊ संयोगचिन्ह, जे पडद्यावर दिसतच नाही. 'भाटले' हाताने पुन्हा टाइप केले, तर भ कधीच परत येणार नाही. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फाइलवर करावी, पडद्यावरून उचललेल्या मजकुरावर कधीच नाही.

हे सगळे सुरू होते बहुधा सीएसव्ही फाइलमुळे. एक्सेलमध्ये सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडली, तर विंडोजवर ती बहुतेक वेळा यंत्राच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे युनिकोडपूर्व एन्कोडिंगमध्ये, वाचली जाते. फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे ३ बाइट असले की एक्सेल ती यूटीएफ-८ म्हणून वाचते. पायथनमध्ये एन्कोडिंगच्या जागी 'यूटीएफ-८-सिग' लिहिले की हे बाइट फाइलच्या सुरुवातीला आपोआप लिहिले जातात. अशी फाइल वाचतानाही तेच नाव द्या. साध्या यूटीएफ-८ ने वाचलीत, तर पहिल्या स्तंभाच्या नावाला ६५२७९ हा अदृश्य क्रमांक चिकटतो आणि 'नाव' हा स्तंभ समोर दिसत असताना प्रोग्रॅम म्हणतो की तो नाहीच.

एकच रूप, निराळे आकडे

इथे मराठीची स्वतःची दुखणी सुरू होतात, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत त्यांचा पत्ता नसतो.

दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द निराळे, आणि त्यांचे क्रमांकही निराळे असायला हवेत. ते असतात, पण दुसऱ्या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक: खाली नुक्ता असलेला ऱ, क्रमांक २३५३, मग हलन्त २३८१, मग य. दोन: साधा र २३५२, हलन्त २३८१, मग ८२०५ हा अदृश्य जोडणारा, मग य. दोन्ही पडद्यावर एकसारखेच दिसतात. कीबोर्ड किंवा ॲप बदलले की प्रकार बदलतो. यादीत 'गोऱ्हे' एका प्रकारे असले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या प्रकारे लिहिले, तर नाव सापडत नाही. त्यातच काही वेब फॉर्म 'अदृश्य चिन्हे काढून टाका' अशा सफाईत ८२०५ काढून टाकतात, आणि दऱ्याचा दर्या होतो.

ॲ चेही तसेच, त्याचे तीन अवतार. ॲ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक २४१८, युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ (२३०९) आणि अर्धचंद्र (२३७३) असे दोन क्रमांक वापरत, आणि काही कीबोर्ड ए वर चंद्र असलेले २३१७ देत. ॲग्नेस, ॲल्विन, ॲंथनी ही नावे गोव्यातल्या कुठल्याही यादीत असतात, म्हणजे हा किरकोळ प्रश्न नाही. शिवाय आ हा अ आणि काना असा लिहिलेला आढळतो, आणि विसर्गाच्या (२३०७) जागी कोलन (५८) तर सर्रास.

रोमन नावांतही हेच. जुआंव, कोन्सेसांव, सांव तोमे यांच्या पोर्तुगीज लेखनात वर लाटेचे चिन्ह असलेला ए येतो. तो एक क्रमांक असू शकतो, २२७, किंवा साधा ए ९७ आणि मागून चिकटणारी लाट ७७१ असे दोन.

युनिकोडचे नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य रूपे एका ठरलेल्या रूपात आणण्याची रीत, विशेषतः तिचा एनएफसी हा प्रकार, या शेवटच्या बाबतीत अचूक चालते: ९७ आणि ७७१ चे २२७ करते. र आणि सुटा नुक्ता (२३६४) यांचा २३५३ सुद्धा करते. पण ८२०५ वाला अर्धा र ते जोडत नाही, ॲ चे तीन अवतार एक करत नाही, आणि अ व काना यांचा आ करत नाही. युनिकोडच्या नियमांनुसार ही रूपे समतुल्य नाहीतच. एनएफसी लावली म्हणजे मराठी सरळ झाली, असे समजून चालणाऱ्यांना इथेच फटका बसतो.

माझा आग्रह असा: माणसाने दिलेले नाव जसेच्या तसे एका स्तंभात ठेवा, फक्त एनएफसी करून. शोधासाठी दुसरा स्तंभ करा आणि त्यात स्वतःचे नियम लावा. र, हलन्त, ८२०५ या तिघांच्या जागी २३५३ आणि हलन्त. अ अधिक चंद्र यांच्या जागी २४१८. २३१७ च्या जागीही २४१८, पण मजकूर मराठी किंवा कोंकणी असल्याची खात्री असेल तरच. मग उरलेले ८२०४ (अक्षरे जोडू न देणारा अदृश्य क्रमांक) आणि ८२०५ काढा. हा क्रम उलटा केलात, तर अर्धा र आधीच हरवतो. कोलनचा विसर्ग मात्र आपोआप करू नका, 'वेळ: सकाळी ९' मधले कोलन खरे कोलन आहे.

'फक्त अक्षरे लिहा'

फॉर्मवरची ही सूचना देवनागरीला मारक ठरते. पायथनचे 'इझअल्फा' फंक्शन 'हरमल' आणि 'मडकई' यांना होय म्हणते, 'पणजी' आणि 'पर्वरी' यांना नाही. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही 'अक्षरे' नाहीत, ती 'चिन्हे' या वेगळ्या वर्गात आहेत. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला 'डब्ल्यू' हा शब्दवर्गही काना सोडून देतो. 'मडगाव' चे शब्द काढायला सांगितले तर 'मडग' आणि 'व' असे दोन मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरांचा वर्ग एल घेताना चिन्हांचा वर्ग एम जोडीला घ्यावाच लागतो, आणि ८२०४, ८२०५ यांनाही परवानगी द्यावी लागते. अ पासून ह पर्यंतची कक्षा लिहून काम भागत नाही, तिच्यात एकही काना-मात्रा येत नाही.

अंकांचा प्रकार उलटा. देवनागरी ० ते ९ हे २४०६ ते २४१५ वर आहेत. पायथनचे 'इंट' आणि जावाचे 'पार्सइंट' हे '१२३' सरळ स्वीकारतात, जावास्क्रिप्ट 'संख्या नाही' म्हणते. अंकातून ४८ वजा करून किंमत काढण्याची जुनी युक्ती '५' वर चालवली, तर ५ ऐवजी २३६३ येतात. फोन नंबर, पिनकोड आणि तारीख आत घेतानाच आस्की अंकांत बदलून घ्या, आणि दाखवताना हवे तर पुन्हा देवनागरी करा.

मर्यादा आणि तुकडे

मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या 'यूटीएफ८' या नावावर विसंबू नका. पारंपरिक अर्थाने तो एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. मराठीला ३ पुरतात, त्यामुळे वर्षानुवर्षे सगळे सुरळीत दिसते, आणि एक दिवस कुणीतरी ४ बाइटांचे इमोजी टाकतो. कडक मोड असेल तर नोंद नाकारली जाते, नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो. 'यूटीएफ८एमबी४' हे योग्य नाव, ५.५.३ या आवृत्तीपासून उपलब्ध. ओरॅकलमध्ये स्तंभाची लांबी ३० सांगितली आणि दुसरे काही सांगितले नाही, तर ते ३० बाइट होतात, म्हणजे देवनागरीची १० चिन्हे. लांबी कॅरेक्टरमध्ये हवी, हे तिथे लिहूनच द्यावे लागते.

एसएमएसचे गणित १४० बाइटांचे आहे. ७ बिटांच्या जीएसएम तक्त्यातली १६० चिन्हे मावतात. एक जरी अक्षर तक्त्याबाहेरचे आले, तरी सगळा संदेश प्रत्येकी २ बाइटांवर जातो आणि मर्यादा ७० होते. जोडसंदेश असेल तर प्रत्येक भागात ६७. 'म्हापसा' यातले ७ घेते. रोमनमध्ये लिहिला म्हणून संदेश स्वस्त पडेल असेही नाही: लाटवाला ए मूळ तक्त्यात नाही, त्यामुळे एका जुआंवपायी १६० चे ७० होतात. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेले वळणदार अवतरणचिन्ह हेच करते.

मजकूर छोटा करून दाखवायचा असेल, तर क्रमांक मोजून कापू नका. 'डिचोली' ५ वर कापला तर 'डिचोल' होतो, आणि प्रोग्रॅम कसलीही चूक दाखवत नाही. बाइट मोजून कापला तर शेवटी फुटके चिन्ह येते. जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल सेगमेंटर', पायथनमध्ये स्वतंत्र 'रेजेक्स' पॅकेज, या गोष्टी दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तुकडे करतात. जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीची लायब्ररी असेल, तर 'सत्तरी' मधला त्त दोन तुकड्यांत मोजला जातो.

जुने फॉन्ट

युनिकोडपूर्वी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांवर काम झाले, आणि त्या फाइली अजून आहेत. त्यांत मराठीचे आकडे नसतातच. आस्कीचे आकडे असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवतो. कृतिदेवमध्ये १०० म्हणजे क चे चित्र आणि १०२ म्हणजे ऱ्हस्व वेलांटीचे. 'कि' तिथे १०२, १०० असा साठवलेला असतो, कागदावर दिसतो त्या क्रमाने. म्हणून बदल करणाऱ्या प्रोग्रॅमला नुसता तक्ता पुरत नाही. वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षरानंतर न्यावी लागते, आणि रफार, जो इथे अक्षरानंतर येतो, तो र आणि हलन्त करून अक्षराच्या आधी आणावा लागतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, त्यामुळे फाइलमध्ये फॉन्टचे नाव टिकून असणे फार मोलाचे आहे. अशी फाइल आधी साध्या मजकुरात सेव्ह करणे ही सर्वांत महाग चूक ठरते; फॉन्टचे नाव जाते आणि मराठी कुठे संपली, इंग्रजी कुठे सुरू झाली, हेही कळेनासे होते.

क्रमवारी

क्रमांकानुसार लावलेली यादी मराठी वर्णक्रमाची नसते. ळ २३५५ वर, ल आणि व यांच्या मध्ये आहे. वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. साध्या सॉर्टमध्ये वाळपई वास्कोच्या आधी लागते, वर्णक्रमाने वास्को आधी हवे. २४१८ वरचा ॲ तर ह च्याही पलीकडे, अंकांनंतर पडतो, म्हणून ॲग्नेस यादीच्या तळाशी सापडते आणि अ च्या पानावर तिला शोधणारा ती सभासदच नाही असे ठरवून मोकळा होतो. भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या आयसीयू लायब्ररीला मराठीचे लोकेल, म्हणजे भाषेची खूण, 'एमआर' द्या, कोंकणी यादी असेल तर 'केओके', आणि मग याच चार नावांवर, वाळपई, वास्को, ॲग्नेस आणि हरमल, निकाल तपासून पाहा. डेटाबेसमध्ये क्रम लावायचा असेल तर स्तंभाचे कोलेशन, म्हणजे क्रम लावण्याचा नियम, तेच आहे का ते वेगळे पाहावे लागते, कारण प्रोग्रॅमचे लोकेल डेटाबेसला आपोआप लागू होत नाही.